कावेरीची गव्हाण

मार्था,

पाळकसाहेबांनी दफनाच्या वेळी तुझं शिक्षण, तुझी नोकरी, मंडळीतली तुझी सेवा असं सगळं क्रमानं सांगितलं. चांगलं बोलले. पण ऐकताना मला वाटत होतं, ही बाई कोण? त्यात पोळी करपली की तव्यालाच रागावणारी तू नव्हतीस. मी बोलत असताना मध्येच उठून कपडे वाळत घालायला जाणारी तू नव्हतीस. लोक डोळे पुसत होते आणि मी मनातल्या मनात त्यांच्या भाषणात दुरुस्त्या करत उभा होतो. त्याला आता अकरा दिवस झाले.

नाताळ दोन आठवड्यांवर आलाय. काल शेजारची पोरं विचारून गेली, "आजोबा, यंदा चांदणी लावायची का?" मी म्हटलं, बघू. ती खूश होऊन गेली. त्यांना काय माहीत माझ्या 'बघू'चा अर्थ. चाळीस वर्षं तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलीस, यांचं बघू म्हणजे नाही.

कावेरीबद्दल तुला एक सांगायचं राहिलंय. राहिलंय हेही खोटंच, मी ते ठेवलंय. त्या पोरीला आपण घरी का ठेवून घेतलं नाही, याचं जे उत्तर तुला माहीत होतं ते खरं नाही. आता तू मध्येच उठून जाणार नाहीस, तेव्हा सांगतो. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून आधी त्या डिसेंबरचं बोलू दे.

ते दुष्काळाचं साल होतं. आपल्या सहकारी कारखान्याला ऊसच नव्हता, जो होता तो वाळून बोटाएवढा झालेला. तरी संचालकांनी रीतीप्रमाणे गव्हाणीत मोळी टाकली, नारळ फुटला, भाषणं झाली. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की हा हंगाम जानेवारी काही ओलांडत नाही. मी त्या गव्हाणीवरच कामाला होतो. लग्नानंतर तू पहिल्यांदा ती बघायला आलीस, तेव्हा दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होतीस. ऊस ओढून नेणारा तो लोखंडी पट्टा, पुढं गरगरणाऱ्या सुऱ्या, त्यापुढं चरक. बाहेर आल्यावर म्हणालीस, "हिला गव्हाण म्हणतात? गव्हाण तर गुरांची असते." मी म्हणालो होतो, ही पण खातेच. त्यावर तू हसली नव्हतीस. माझ्या विनोदांना तू फार क्वचित हसलीस, हेही पाळकसाहेबांनी सांगितलं नाही.

कारखान्यामागं पत्र्याच्या शेडमध्ये तुझी साखरशाळा होती. ऊस तोडायला आलेल्यांची पोरं सकाळी यायची, अर्धी दुपारपर्यंत पळून जायची. कावेरी पळायची नाही. आठ वर्षांची पोर, कडेवर वर्षाचाही नसलेला भाऊ. तिला पळता कुठून येणार? पहिल्या दिवशी तू हजेरी घेताना नाव विचारलंस, तर ती म्हणाली, "माजं का ह्याचं?" तू दोघांचीही नावं पटावर लिहिलीस. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा अकरा महिन्यांचा विद्यार्थी कोण? तू म्हणालीस, तो नियमित येतो, तुम्ही येता का?

ती आष्टीकडची होती. तिच्या बापाची बैलजोडी उन्हाळ्यात चारा छावणीला गेली ती परत घरी आलीच नाही, तिथूनच विकली. गाडीबैल नाहीत म्हणून नवराबायको लांबच्या कारखान्यावर न जाता आपल्याकडं आले. दिवसभर ते उसाच्या फडात, आणि ही दोन पोरं तुझ्याकडं. डिसेंबर लागला तशी ती शाळा सुटल्यावर आपल्या क्वार्टरवरच यायला लागली. तू म्हणायचीस, नाताळची तयारी करायला हाताखाली कुणीतरी लागतं. खरं म्हणजे तुलाच तिच्या हाताखाली जायचं होतं.

आपल्याला मूल नव्हतं. हे वाक्य आपण दोघांनी एकमेकांना कधी म्हटलं नाही, आज म्हणून टाकतो.

त्या वर्षी तू मला बरोबर घेऊन एकदाच बीडला जाऊन सामान आणलंस, पतंगी कागदाची गुंडाळी आणि थोडा जिलेटीनचा कागद. मांजरसुंब्याला गाडी बदलताना ती गुंडाळी माझ्या हातात होती, आणि ढाब्यावरचा एकजण म्हणाला, "पतंगाचं दुकान टाकलं का बे?" मला इतकी लाज वाटली की गुंडाळी मी तुझ्या हातात दिली. बाकी सगळं तू फुकटातलं जमवलंस. चांदणीला बांबूच्या कामट्यांऐवजी तुराट्या. माळांना वजनकाट्यावरच्या जुन्या रद्द पावत्या, गुलाबी आणि पिवळ्या, त्याच्या कड्या करून एकात एक ओवायच्या. देवदूतांच्या पंखांना उसाचे तुरे. चहाच्या पुड्यांतला चंदेरी कागद तू वर्षभर गादीखाली सपाट करून ठेवायचीस आणि मला त्यावर झोपायला लागायचं.

झाड म्हणून बाभळीची फांदी. मी म्हणालो, हे काय नाताळचं झाड झालं? हाताला टोचतंय. कावेरी म्हणाली, "टोचतंय म्हून तर बरं. दोराच लागत न्हाई." आणि तिनं एकेका काट्यावर एकेक कागदी फूल खोचून दाखवलं. तू माझ्याकडं असं पाहिलंस की मी तोंड मिटून आत गेलो. फांदीवर कापूस पसरताना तिनं विचारलं, "ह्यो कावून?" म्हणजे हा कशाला. तू म्हणालीस, हा बर्फ. आकाशातून पडतो तो. तिनं विचार केला आणि म्हणाली, "गारा म्हना की. गारा पडल्या तर पीक जातंय. मंग त्यो सन कसा?" तू कापूस काढून उशीत भरलास. पुढच्या सगळ्या नाताळांत आपल्या झाडावर बर्फ नव्हता.

चिकटवायला तू कणकेची खळ शिजवायचीस. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तू पाणी आणायला उठलीस आणि मी दारातून पाहिलं, ती वाटीच्या कडेची खळ बोटानं भावाला चाटवत होती. मी तुला सांगितलं. सांगताना माझा सूर तक्रारीचा होता, कबूल करतो. दुसऱ्या दिवसापासून तू आधी गुळाची लापशी करायचीस, दोघांना पोटभर द्यायचीस, आणि मग म्हणायचीस, चला, आता खळ करू. त्या दोघांना कधी कळलं नाही की तू पाहिलं नव्हतंस, मी पाहिलं होतं. तुझ्या चांगुलपणात माझा एवढाच वाटा. तोही चहाडीचा.

मग ती गोष्ट. चांदणी झाली होती, माळा झाल्या होत्या. आता येशूजन्माचा गोठा करायचा म्हणून तू माझ्या बुटांचं खोकं काढलंस आणि कावेरीला समोर बसवून गोष्ट सांगायला लागलीस. मी पहिली पाळी करून आलो होतो, खाकी कपड्यांतच बाजेवर पडलो होतो. मरिया आणि योसेफ लांबच्या गावी आले, उतरायला जागा मिळाली नाही, इथपर्यंत ती आरामात ऐकत होती. दुसऱ्या गावात जागा न मिळणं तिला नवीन नव्हतं. मग तू म्हणालीस, "आणि बाळ जन्मलं. तिनं त्याला फडक्यात गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं."

"गव्हानीत?"

"हो. गव्हाणीत."

"जित्तं?"

तू गोंधळलीस. म्हणालीस, जिवंतच की, छान हसरं बाळ. तिनं भावाला ओढून मांडीवर घेतलं. मग तिनं विचारलं, "चालू हुती का बंद?"

तुला अजून कळलं नव्हतं. मला कळलं, आणि मी बाजेवर पडल्या पडल्या मोठ्यानं हसलो. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं, माझ्या कपड्यांकडं पाहिलं. म्हणाली, "हे मामा तर तितंच असत्यात. ह्यांनी कावून काढलं न्हाई त्याला?" आणि मग तुझ्याकडं वळून, अगदी हळू, "त्याला बहीन नव्हती का?"

तू मला म्हणालीस, हसू नका. त्या आवाजात तू मला आयुष्यात दोनदाच बोललीस.

घरची गव्हाण तिच्या डोळ्यांपुढं आलीच नाही. यायला हवी होती, पण बैल गेल्यावर बापानं ती फोडून तिचे दगड चुलीला लावले होते. तिच्यासाठी गव्हाण म्हणजे भोंगा, पट्टा आणि सुऱ्या. कोपीवर, त्या पाचटाच्या झोपडीत, उतरल्या दिवशीच आईनं बजावलेलं असणार, पोराला घिऊन गव्हानीकडं जायाचं न्हाई. आणि इथं तू सांगत होतीस की एका आईनं बाळ फडक्यात गुंडाळून नेमकं तिथंच ठेवलं, आणि त्याचा आम्ही सण करतो.

त्या दिवशी आपलं भांडण झालं. मी म्हणालो, शब्द बदल, दावण म्हण, टोपली म्हण. तू म्हणालीस, शब्द पुस्तकातला आहे, मी बदलणारी कोण? मग अर्थ तरी नीट सांग, मी म्हणालो. "सांगितला हो. गुरांची गव्हाण, गवत, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण तिला तिचीच खरी वाटते." मी म्हणालो, मग तू चुकीचं शिकवतेयस. तू म्हणालीस, "गुरांच्या गव्हाणीत बाळ ठेवलं हे ऐकून तुमच्या पोटात कधी गोळा आला होता का? तिच्या आला." त्यावर मी जेवणात मीठ जास्त झालंय असं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती तोडगा घेऊनच आली. दारातूनच म्हणाली, "बाई, त्याच्या बापानं बटन दाबलं आसंल." तुम्ही दोघींनी त्या खोक्यात आपल्या कारखान्याची गव्हाण केली. काडेपेट्यांच्या पुठ्ठ्याचा पट्टा, त्यावर उसाच्या पाचटाचे बारके तुकडे, आणि मधोमध चिंधीत गुंडाळलेलं बाळ. बाजूला योसेफ, मातीचा. त्या मातीला टँकरच्या पाण्यातलं वाटीभर पाणी गेलं म्हणून मी कुरकुरलो होतो. त्याच्या अंगाला तुम्ही खाकी पाकिटाचा कागद डकवलात. खोक्याच्या भिंतीला बंद करायचं बटण म्हणून तुझी लाल टिकली लावलीत, आणि त्याचा हात त्या टिकलीवर. मरियेच्या शेजारी कावेरीनं आणखी एक बाहुली बसवली. पाळकसाहेब, म्हणजे तेव्हाचे, बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, ही कोण? कावेरी म्हणाली, "बहीन." मला वाटलं आता तुला बोलणी बसणार. ते खाली बसून बराच वेळ बघत राहिले आणि चहा घेऊन गेले.

मी मात्र पुढं कितीतरी वर्षं तुझ्याशी वाद घातला की ते सगळं चूक होतं. योसेफाला खाकी कपडे, गव्हाणीला बटण, नसलेली बहीण. तू उत्तर द्यायचं सोडून दिलंस तेव्हा मी जिंकलो असं धरलं. मार्था, मला तो गोठा आवडला होता. माझ्या कामाकडं कुणी इतक्या गंभीरपणे आधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. पण ते मी त्या पोरीला म्हणालो नाही आणि तुलाही नाही.

नाताळच्या दुपारी तिची आई आली. फडातून तशीच आलेली, हाताला उसाच्या पात्यांचे चरे. तू तिला करंज्या दिल्यास, आत बस म्हणालीस, ती उंबऱ्यातच टेकली. गोठा पाहून म्हणाली, "लई चांगलं केलंय, बाई. घरी ही आशी बसत न्हाई. आमची ही नुसती म्हातारी झालीया भावाला घिऊन." आणि हसली. कावेरी त्या वेळी चांदणीखाली भावाला नाचवत होती. तुमचा तिघींचा तो हशा मला आतल्या खोलीत ऐकू येत होता. मी बाहेर आलो नाही.

ती गेल्यावर तू मला विचारलंस. प्रस्तावना नाही, काही नाही. "अहो, हंगाम आटपला की ही लोकं जाणार. कावेरीला ठेवून घेऊ या का आपण? शाळेपुरती. सुट्टीत आईबापाकडं जाईल." मी म्हणालो, ती काय मांजर आहे का ठेवून घ्यायला? तू म्हणालीस, मी चेष्टा करत नाही. मी म्हणालो, उद्या गावात म्हणतील ख्रिश्चनांनी पोरगी बाटवली. तू म्हणालीस, तिला मी गडाच्या जत्रेलाही पाठवीन, तिचा देव तिच्यापाशी राहू दे, मला तिचं वाचन हवंय. नारायणगडाच्या देवाची आण कावेरी उठता बसता घ्यायची, तुला ती पाठ झाली होती. मग मी शेवटचं म्हणालो. आपण विचारणं बरं दिसत नाही, गरिबाचं मूल मागितल्यासारखं होतं. त्यांनी आपण होऊन विचारलं, तर बघू.

तुला ते पटलं. तुझ्या स्वाभिमानाला ते पटेल हे ओळखूनच मी ते म्हणालो होतो. तू सात दिवस वाट पाहिलीस. रोज कावेरी घरी जाताना तू तिच्या आईला काहीतरी निरोप द्यायचीस, डब्यात भाजी द्यायचीस, आणि ती विचारते का याकडं कान लावून असायचीस. तू आपण होऊन एकदाही बोलली नाहीस. माझ्यापुढं शब्द दिला होतास ना.

मग नगरहून तुझ्या बहिणीचा निरोप आला आणि तू चार दिवस तिकडं गेलीस. परत आलीस तेव्हा कोप्या उठलेल्या होत्या. ऊस संपला होता, भोंगा बंद झाला होता. तू सामान खाली न ठेवताच विचारलंस, काही म्हणाले का? मी म्हणालो, काही नाही, न विचारताच गेले. तू साखरशाळेच्या शेडपर्यंत चालत गेलीस आणि आलीस. त्यानंतर तू चांदणी केलीस, माळा केल्यास, दरवर्षी वेगवेगळी पोरं जमवलीस, पण गव्हाण पुन्हा केली नाहीस. कुणी विचारलं तर म्हणायचीस, खोकं मिळालं नाही.

आणि तू दोष स्वतःला दिलास, हे मला सगळ्यात जड जातं. कधी भाजी निवडताना, कधी बसची वाट बघताना मध्येच म्हणायचीस, "मीच लगट जास्त केली. त्यांना वाटलं असेल ही बाई पोरगी हिसकावून घेईल. घाबरले असतील." मी म्हणायचो, असू दे आता. वीस-बावीस वर्षं मी असू दे म्हणत आलो.

दवाखान्यातला तो सोमवार. तुला थोडं बरं वाटत होतं. मी संत्रं सोलून एकेक फोड देत होतो, आणि तू शिरा नीट काढलेल्या नाहीत म्हणून परत देत होतीस. खिडकीतून ऊन येत होतं. तू माझ्याकडं न बघता विचारलंस, "अहो, मी नगरला गेले होते तेव्हा कावेरीची आई आली होती का हो?"

मी म्हणालो, नाही.

इतक्या लगेच म्हणालो की तुला कळलंच असणार. तू म्हणालीस, "बरं." आणि उरलेली फोड खाल्लीस. बुधवारी तू गेलीस. मधला सगळा मंगळवार माझ्याकडं होता.

आली होती, मार्था. तू नगरला गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी. बाहेर ट्रक भरत होता. बरोबर कावेरी होती, डोक्याला तेल लावलेलं, भांग नीट काढलेला, आणि हातात तिच्या कपड्यांचं गाठोडं. म्हणजे त्यांचं ठरलेलं होतं. आई म्हणाली, "दादा, आमी आता टोळीसंगं कर्नाटकात चाललो. तितं काय शाळा न्हाई. बाईनी हिला लई जीव लावलाय. हिला तेवढी ठिवून घ्या. धाकट्याचं मी बघीन कसंबी. पाडव्याला यिऊन आमी भेटून जाऊ." एवढं बोलायला तिनं किती दिवस घेतले असतील कुणास ठाऊक. सगळं एका दमात म्हणाली.

लोक काय म्हणतील, हे मी तुला सांगितलेलं कारण होतं. खरं कारण लहान होतं. त्या महिन्यात तू जशी हसायचीस तशी माझ्याबरोबर कधी हसली नव्हतीस. मला वाटलं, ही राहिली तर मी या घरात बाजेवर पडलेला माणूस तेवढा उरेन. एका आठ वर्षांच्या पोरीचा मला मत्सर वाटला. कारण एवढंच.

पण मला नको असं म्हणायचा धीर झाला नाही. ती बाई 'का?' म्हणून माझ्याकडं बघत राहिली असती. म्हणून मी तुझं नाव पुढं केलं. मी म्हणालो, "बाईंना विचारलं होतं मी. त्या नको म्हणाल्या."

आई म्हणाली, "बरं दादा. त्यांचंबी बरोबर हाय. परक्याची पोर सांबाळनं काय सोपं हाय का." कावेरी मात्र हलली नाही. तिनं मला विचारलं, "बाई सोता म्हनल्या?"

मी म्हणालो, हो.

तिनं गाठोडं आईकडं दिलं, आईच्या कडेवरचा भाऊ काढून आपल्या कडेवर घेतला, आणि ती ट्रककडं चालायला लागली. मी आत येऊन दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी कारखाना सुरूच झाला नाही आणि त्या टोळ्या पुन्हा आपल्याकडं आल्या नाहीत. मी खूप शोधलं असं लिहिता आलं असतं, पण मी शोधलं नाही. आता ती तिशीला आली असेल, पोरंबाळं असतील. नाताळात कुठं चांदणी दिसली तर तिला तू आठवत असशील, आणि तुझ्याबरोबर तेही आठवत असेल, की बाईला आपण नको होतो. तू स्वतःला दोष देत राहिलीस आणि ती तुला, आणि दोघींच्या मध्ये मी आरामात जेवत-झोपत राहिलो. आष्टीकडची गावं काही फार नाहीत. माझे गुडघे चालतील तेवढी फिरेन, तिचं माहेर शोधेन. सापडली तर तिला एवढंच सांगायचंय, जे तुला आधी सांगायला हवं होतं. तू नको म्हणाली नव्हतीस. तुला कुणी विचारलंच नव्हतं.